सहाशे साच्यांचे स्वप्न
‘ख्रिस्तपुराणा’चे पुनर्वाचन

आपल्या धर्मग्रामात मराठीविषयी एखादा कार्यक्रम असला, स्मरणिका निघाली किंवा कोणी पाहुणा वक्ता आला, की फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव हमखास घेतले जाते. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या चार-पाच ओव्या म्हटल्या जातात, टाळ्या पडतात आणि ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा कपाटात जाते. आम्हीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो. यंदाच्या प्रायश्चित्तकाळात मात्र हा ग्रंथ सलग वाचायचा असे ठरविले आणि रोज थोडा थोडा, काही भाग मोठ्याने, वाचून काढला. वाचून झाल्यावर प्रथम जाणवली ती आमची स्वतःची चूक. ज्या ओव्यांवर आपण थांबतो त्या या ग्रंथाचा केवळ उंबरठा आहेत. घर पुढे आहे, आणि ते घर ज्या कष्टांनी उभे राहिले त्यांची कथा आजच्या कुटुंबांनी जाणून घ्यावी अशी आहे.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातला. १५७५ साली रोममध्ये ते येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेल्या जहाजातून २४ ऑक्टोबरला ते गोव्यास पोहोचले, तेव्हा त्यांचे वय तिशीच्या घरात होते. पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत, त्यांनी गोव्यात आणि मुख्यत्वे साष्टीत काढली. ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले ते १६१६ साली, रायतूर येथे. म्हणजे या भूमीवर पाऊल ठेवल्यापासून ग्रंथ हाती येईपर्यंत सदतीस वर्षे लोटली. तिशीत आलेला माणूस तोवर सदुसष्टीला पोहोचला होता.

या सदतीस वर्षांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. मराठीत महाकाव्य रचण्याचे स्वप्न उराशी बाळगून स्टीफन्स जहाजात चढले नव्हते. ते आले सुवार्तेसाठी. भाषा हे त्या सेवेचे साधन होते आणि ती शिकणे हे रोजचे कष्टाचे काम होते. पण शिकता शिकता भाषेनेच त्यांना ओढून घेतले. १५८३ साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी इकडच्या भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचे निरीक्षण नोंदविले आहे. भाषांच्या नात्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास युरोपात सुरू होण्यापूर्वी कितीतरी आधीची ही नोंद आहे. ज्याने शब्दांची रूपे चालविली, प्रत्यय घोटले, ऐकून ऐकून उच्चार दुरुस्त केले, त्यालाच असे साम्य दिसते. आम्हांस वाटते, त्यांचे स्वप्न या श्रमांतून उगवले. आपण मुलांना नेहमी सांगतो, ‘आधी मोठे स्वप्न पाहा, मग कष्ट करा.’ येथे क्रम उलटा आहे. आधी काम, त्या कामातून प्रेम, आणि त्या प्रेमातून स्वप्न.

ते स्वप्न नेमके काय होते, हे १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या संघाच्या महाधिपतींना लिहिलेल्या पत्रात स्वच्छ दिसते. या प्रांतात इथल्या लोकांच्या भाषेत आणि त्यांच्याच लिपीत छापलेली पुस्तके पाहावीत, अशी आपली पुष्कळ वर्षांची उत्कट इच्छा असल्याचे ते कळवितात. दक्षिणेकडील ख्रिस्ती समाजाला असे पुस्तक मिळालेले होते. १५७८ साली कोल्लम येथे तमिळ लिपीत ख्रिस्ती शिकवणुकीचे पुस्तक छापले गेले होते. गोव्यात तर १५५६ पासून छापखाना होता. मग अडचण कोणती? स्टीफन्स दोन अडचणी सांगतात. पहिली साच्यांची. युरोपातील भाषांना चोवीस अक्षरांचे साचे पुरतात. इकडच्या लिपीत सुटी अक्षरे नसून अक्षरसमूह आहेत, त्यामुळे साचे सहाशेच्या घरात जातात. ज्याने खिळे जुळवून छापलेले जुने अंक पाहिले आहेत त्याला हे चटकन समजेल. एकट्या ‘क’ची बाराखडी घ्या, मग ‘क्ष’, ‘क्र’, ‘क्त’, ‘क्य’ अशी जोडाक्षरे घ्या. प्रत्येकासाठी साचा कोरायचा आणि शिसे ओतायचे. दुसरी अडचण परवानगीची. वरिष्ठांच्या आज्ञेवाचून आणि संमतीवाचून हे काम हाती घेता येणार नव्हते.

साधने नाहीत आणि परवानगी नाही! कोणत्या काळातील कोणत्या घरातील स्वप्नाला या दोन भिंती आडव्या आलेल्या नाहीत?

स्टीफन्स यांचे हे स्वप्न त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. पत्रानंतर आठ वर्षांनी ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत. भाषा लोकांची मिळाली, लिपी मिळाली नाही. समीक्षकाच्या दृष्टीने खरा प्रश्न येथून सुरू होतो. अर्धेच स्वप्न हाती लागलेल्या या कलावंताने त्या अर्ध्याचे काय केले?

पहिले उत्तर ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत आहे. आपण हे सर्व मराठीत लिहिले आहे, कारण इथल्या भाषांमध्ये परमेश्वराच्या गोष्टी सांगण्यास ती योग्य दिसली, असे ते म्हणतात. पण शुद्ध मराठी सामान्य लोकांना उमगणार नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून, त्या काळच्या कवींच्या रीतीप्रमाणे, ब्राह्मणांच्या बोलीतील, म्हणजे कोंकणीतील, सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळून कवित्व सोपे केले, असेही ते सांगतात. ही कबुली आम्हांस फार मोलाची वाटते. मराठीवर एवढे प्रेम करणारा कवी तिच्या शुद्धतेचा हट्ट धरीत नाही. शेतात आणि माडाखाली राबणाऱ्या श्रोत्याला कळावे म्हणून तो आपल्या प्रियतम भाषेत दुसरी बोली मिसळू देतो. पंडितांनी वाहवा करावी ही इच्छा त्याने बाजूस ठेवली. सर्जनशीलता म्हणजे मनाला येईल ते करणे, असे आज समजले जाते. येथे ती श्रोत्याच्या गरजेपुढे नम्र झालेली दिसते, आणि या नम्रतेतूनच ग्रंथाची आगळी, कानाला गोड लागणारी भाषा तयार झाली आहे.

दुसरे उत्तर लेखनपद्धतीत आहे. रोमन लिपीच लादली गेली, तेव्हा तिच्यात आपले उच्चार नेमके कसे बसवायचे याचा विचार झालेला दिसतो. ‘पुराण’ शब्दातील ‘ण’साठी रोमन ‘एन’ दोनदा येतो. ‘मराठी’तील ‘ठ’ लिहिताना ‘टी’ दोनदा येतो. म्हणजे चोवीस साच्यांत सहाशे साच्यांची भाषा बसविण्याची ही खटपट होती. ती वाया गेली नाही, हे पुढे दिसेलच.

तिसरे उत्तर काव्यात आहे. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा ३६ अध्यायांत येते. या अध्यायांना कवी ‘अवस्वरू’ म्हणतो. दुसऱ्या पुराणाचे ५९ अवस्वरू पवित्र मरिया आणि प्रभू येशू यांच्या चरित्राचे आहेत. एकूण ओव्या अकरा हजारांच्या घरात जातात. तीन चरणांना यमक आणि आखूड चौथा चरण ही ओवी स्टीफन्स यांनी आत्मसात केली. त्यांच्याच हयातीत पैठणला एकनाथ याच छंदात लिहीत होते, हे ध्यानी घेतले म्हणजे इंग्लंडातील या मनुष्याने कोणत्या पंक्तीत बसण्याचे धाडस केले ते कळते. शिवाय ‘पुराण’ हा घाट त्यांनी पूर्णपणे स्वीकारला. गुरू कथा सांगतो, श्रोते मधून मधून शंका विचारतात, शंकेचे निरसन होते आणि कथा पुढे सरकते. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यासही कवी कचरत नाही. शब्द जुना, अर्थ नवा.

सारेच निर्दोष आहे असे नाही. शिकवणुकीचे विवेचन लांबते तेव्हा कथा थबकते. गुरूची उत्तरे कधी कधी इतकी तयार असतात की शंका खरी वाटत नाही. पहिल्या पुराणातील काही भाग आम्हांस नेटाने वाचावे लागले. पण दुसऱ्या पुराणात, जेथे माता आणि पुत्र यांची कथा येते, तेथे उपदेशक मागे सरतो आणि कवी पुढे येतो. हे भाग डोळ्यांनी वाचण्यापेक्षा तोंडाने म्हणावेत. ओवी मुळात म्हणण्यासाठीच आहे.

आणखी एक गोष्ट टाळता येणार नाही. ग्रंथाच्या आरंभी एक ब्राह्मण श्रोता गुरूला विनवितो, की आमची जुनी पुराणे तुम्ही आम्हांस वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? आम्ही या ठिकाणी बराच वेळ थांबलो. १५६७ च्या सुमारास साष्टीतील मंदिरे पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना ठार करण्यात आले. त्या श्रोत्याचा प्रश्न या इतिहासातून आला आहे. स्टीफन्स यांचे पुराण ही एका हिरावलेल्या गोष्टीची भरपाई आहे, हे सत्य कवीने स्वतःच आपल्या काव्याच्या दारात नोंदवून ठेवले आहे. ते वगळून ग्रंथाचा नुसता गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र सत्ता ज्यांच्या हाती होती त्यांपैकी एकाने त्या पोकळीचे दुःख ऐकले, आणि लोकांची गाणी थांबविण्याच्या काळात त्यांना गाणे दिले, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच हा ग्रंथ वाचावा, असे आम्हांस वाटते.

पुढील इतिहास आशेची परीक्षा पाहणारा आहे. १६४९ आणि १६५४ साली ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. छापलेले नाहीसे झाले आणि हाताने उतरविलेले तगले, ही केवढी विलक्षण गोष्ट! घरोघरच्या भाविकांनी ओव्या उतरून घेतल्या, म्हटल्या, लेकरांना शिकविल्या. १७८४ साली टिपू सुलतानाने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना बंदिवासात नेले तेव्हा याच ओव्यांनी त्यांना धीर दिला, अशी परंपरा सांगितली जाते. मंगळूर येथेच १९०७ साली जोसेफ सालडाना यांनी हस्तलिखितांच्या आधारे ग्रंथ रोमन लिपीत पुन्हा छापला. लंडनमधील मार्सडन संग्रहात नागरी लिपीतील हस्तलिखितही सापडले. अखेर १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी संपूर्ण ग्रंथ देवनागरीत छापून प्रसिद्ध केला. त्या दुहेरी रोमन अक्षरांतून ‘ण’ आणि ‘ठ’ पुन्हा आपल्या जागी आले. १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती आली आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फलकाव यांनी गद्य रूपांतरासह ग्रंथ सिद्ध केला, त्यामुळे आजच्या वाचकाची भाषेची अडचणही पुष्कळ दूर झाली आहे.

१६०८ च्या पत्रातील स्वप्न असे ३४८ वर्षांनी पुरे झाले. ज्याने ते पाहिले त्याने आपला ग्रंथ नागरीत छापलेला कधीच पाहिला नाही, आणि ज्यांनी ते पुरे केले त्यांना तो कधी भेटला नव्हता. मधल्या काळात ते स्वप्न सांभाळले ते ओव्या उतरून घेणाऱ्या हातांनी, ज्यांतील बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. स्वप्न हे केवळ व्यक्तीचे असते, ‘माझे’ असते, या समजुतीला हा ग्रंथ शांतपणे बाजूस सारतो.

आपल्या घरांतही अर्धी राहिलेली स्वप्ने आहेत. शिक्षण मध्येच सोडून वाडी सांभाळणारा थोरला भाऊ आहे, गळा असूनही चूल-मुलांत गाणे राहून गेलेली आई आहे. आपण त्यांना अपयशी म्हणतो, किंवा त्यांची स्वप्ने मुलांच्या माथी मारतो. ‘ख्रिस्तपुराण’ वाचताना तिसरी वाट दिसली. जे हाती आहे, मग ते चोवीसच साचे का असेनात, त्यांत जमेल तेवढे नीट आणि नेमके करून ठेवायचे, म्हणजे मागून येणाऱ्याला ते वाचता येईल. स्टीफन्स यांनी ‘ण’साठी दोन अक्षरे योजण्याचा कंटाळा केला असता, तर बंडेलूंना काम किती कठीण गेले असते!

म्हणून वाचकांस एक विनंती. येत्या प्रायश्चित्तकाळात रोजच्या रोझरीनंतर दुसऱ्या पुराणातील दहा ओव्या घरात मोठ्याने म्हणाव्यात. आजी असेल तर तिला म्हणावयास सांगावे. अवघड शब्द मुलांनी तिला विचारावेत. त्यांतील कितीतरी शब्द ती अजून स्वयंपाकघरात वापरते, असे आढळून येईल.