नको म्हणणाऱ्यांची यादी आणि मत मागणारं यंत्र

आज आपण एका यादीची चिकित्सा करू. अमेरिकेत २००३ साली 'डू नॉट कॉल' यादी सुरू झाली. नंबर एकदा नोंदवला, की माल विकणाऱ्यांनी फोन करायचा नाही. पण निवडणूक आली की फोन खणखणतोच, कारण राजकीय प्रचार या यादीबाहेर आहे.

कारण असं सांगतात, की मत मागणं म्हणजे विक्री नव्हे, आणि राजकीय बोलण्याला तिथली राज्यघटना सर्वांत जास्त संरक्षण देते. हा युक्तिवाद आपण हसण्यावारी नेऊ नये. मतदाराशी कोणी बोलायचं हे सत्तेवरचे लोक ठरवू लागले, तर पहिला फटका नव्या, खिसा रिकामा असलेल्या उमेदवाराला बसतो. त्याला टीव्ही परवडत नाही, फोन परवडतो.

तरी आम्हाला हा युक्तिवाद अर्धाच वाटतो. काय बोललं जातंय आणि कशाने बोललं जातंय, या दोन गोष्टी तो एकात घालतो. दारात आलेल्या कार्यकर्त्याला 'नको' म्हटलं तर त्याला ऐकू येतं. शिवाय तो दिवसभरात किती दारं वाजवणार? रेकॉर्ड केलेल्या आवाजाला ना कान, ना दमणं.

न्यायालयांनी हा फरक ओळखला आहे. साऊथ कॅरोलायनाने विक्री आणि राजकारण असे विषय पाहून यंत्रफोनवर बंदी घातली. ती २०१५ साली अपिलात टिकली नाही. इंडियानाने विषय न पाहता, संमतीशिवाय यंत्राने फोन करण्यालाच आडकाठी केली. ती २०१७ साली टिकली. २०२० साली तर राजकीय सल्लागारांची संघटनाच सर्वोच्च न्यायालयात गेली. मोबाइलवरच्या यंत्रफोनांना १९९१च्या कायद्याने बंदी आहे, पण सरकारी कर्जवसुलीला २०१५ साली सूट दिली होती. न्यायालयाने सूट रद्द केली, बंदी ठेवली. म्हणजे गेले बंदी उठवायला आणि ती आणखी पक्की करून आले!

पण आमचा खरा आक्षेप यादीच्या कल्पनेवरच आहे. यादी त्रास थांबवते, फसवणूक नाही. कॅनडात २ मे २०११ला, ऐन मतदानादिवशी, ग्वेल्फ शहरातल्या हजारो मतदारांना निवडणूक यंत्रणेच्या नावाने यंत्रफोन गेले: तुमचं केंद्र बदललंय. ते खोटं होतं. इथे गेलं ते मत, नुसती दुपारची झोप नव्हे. त्यावर कॅनडाने २०१४च्या कायद्याने यादी उलटी केली. आता नाव नोंदवायचं ते फोन करणाऱ्याने, आणि मजकूर व रेकॉर्डिंग जपून ठेवायचं तेही त्यानेच. बोलायला मनाई नाही, पण तोंड लपवायला आहे.

आपल्याकडे २००४ साली वाजपेयींचा रेकॉर्ड केलेला आवाज घरोघरी फोनवर पोचला. तो निदान त्यांचाच होता. २०२४च्या जानेवारीत न्यू हॅम्पशरच्या मतदारांनी ऐकलेला बायडेन यांचा आवाज यंत्राने घडवलेला होता. आपल्या डीएनडीच्या नियमावलीच्या तर नावातच 'व्यापारी' संदेश आहेत. तेव्हा ती यादी प्रचाराला लावा एवढीच मागणी आपण करू नये. आधी विचारावं: फोन कोणी केला, पैसे कोणी दिले, आणि काय ऐकवलं याची नोंद कुठे आहे? याची उत्तरं मिळाली, की 'नको' म्हणायचं की ऐकायचं, ते मतदार आपलं आपण ठरवेल.