‘द फेअरवेल’ : न सांगण्याचे नीतिशास्त्र

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णाला त्याच्या आजाराचे खरे स्वरूप सांगावे की नाही, या प्रश्नाची चर्चा बहुधा ‘पाश्चात्त्य व्यक्तिवाद’ आणि ‘पौर्वात्य कुटुंबनिष्ठा’ अशा दोन कप्प्यांत केली जाते. लुलू वँग या चिनी-अमेरिकन दिग्दर्शिकेचा ‘द फेअरवेल’ (२०१९) हा चित्रपट अशा वेळी उदाहरण म्हणून पुढे केला जातो. महाविद्यालयाच्या वर्गात दाखवण्याजोगा हा चित्रपट आहे, यात शंका नाही. मात्र या कप्प्यांचा पुरावा म्हणून तो दाखवला जाऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कथानक थोडक्यात असे. चीनमधील चांगचुन शहरात राहणाऱ्या आजीला फुप्फुसाचा कर्करोग झाला असून तो शेवटच्या अवस्थेत आहे. घरच्यांनी तिला ते सांगितलेले नाही. तिची अखेरची भेट व्हावी म्हणून एका नातवाचे लग्न घाईघाईने ठरवले जाते आणि परदेशी पांगलेले कुटुंब त्या निमित्ताने एकत्र येते. लहानपणीच अमेरिकेला गेलेली नात बिली हिला ही लपवाछपवी पटत नाही. वँग यांच्या स्वतःच्या घरातील घटनेवर हे सारे बेतलेले आहे. झाओ शुझेन यांनी उभी केलेली आजी इतकी जिवंत आहे की, तिच्याशी खोटे बोलणे प्रेक्षकालाही जड जावे.

चित्रपटातील गाजलेला प्रसंग म्हणजे काकांनी बिलीची घातलेली समजूत. पश्चिमेत माणसाचे आयुष्य त्याचे एकट्याचे असते, पूर्वेत ते कुटुंबाचे व समाजाचे असते. म्हणून आजीचे ओझे आपण वाहायचे, असा तिचा आशय. हे ऐकायला भारदस्त वाटते. परंतु इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोतील एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये रॉचेस्टर येथील डॉक्टरांना तेच प्रश्न विचारले असता ९७ टक्क्यांनी सांगण्याच्या बाजूने कौल दिला. म्हणजे ज्याला आपण पश्चिमेची संस्कृती म्हणतो, ती या बाबतीत एका पिढीइतकीही जुनी नव्हती! पूर्वेकडचे उदाहरण घ्यावयाचे तर अकिरा कुरोसावा यांच्या ‘इकिरू’ (१९५२) या चित्रपटातील जपानी डॉक्टर पोटाच्या कर्करोगाला साधा अल्सर म्हणतात. पण डॉक्टर नेमके काय बोलतील, हे बाहेर बसलेल्या दुसऱ्या रुग्णाने नायकाला आधीच सांगितलेले असते. त्याला सत्य उमगते, आणि उमगते म्हणूनच तो उरलेले दिवस मुलांसाठी बाग उभारण्यात घालवतो.

‘द फेअरवेल’चे नैतिक केंद्र काकांच्या बोलण्यात नाही. आजीनेही आपल्या पतीच्या अखेरच्या आजारात त्याच्यापासून हेच लपवले होते, ही माहिती ओघात येऊन जाते. तिला हा रिवाज ठाऊक होता आणि तो तिने स्वतः पाळला होता. कुटुंबाच्या मौनाला काही आधार असेल तर तो तिच्या या वागण्यात आहे, ‘पूर्व’ नावाच्या कल्पनेत नव्हे. दिग्दर्शिका येथे थांबत नाही, हा चित्रपटाचा मोठा दोष होय.

दुसरा प्रसंग रुग्णालयातला. इंग्लंडमध्ये शिकलेला तरुण डॉक्टर बिलीशी इंग्रजीत खरे बोलतो आणि शेजारीच असलेल्या आजीला त्यातले अक्षर कळत नाही. बेळगाव किंवा हैदराबादच्या वाचकाला हा भाषेचा पडदा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे तपासणीचा अहवाल आजीच्या हाती पडू नये म्हणून बिली स्वतःच धावत सुटते आणि त्यातील मजकूर बदलून घेतला जातो. न सांगणे आणि खोटा कागद करणे यांत अंतर आहे. चित्रपट ते हसत हसत ओलांडतो.

आपल्या देशातही हा प्रश्न नियमांनी सोडवलेला नाही. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्ण, नातेवाईक ‘किंवा’ जबाबदार मित्र यांना रुग्णाच्या व कुटुंबाच्या हिताची ठरेल एवढी माहिती असावी. या ‘किंवा’च्या आडून कितीतरी रुग्णांना वगळता येते.

आणि मरणाऱ्या माणसाला काही करावयाचे असते, हा विचार काकांच्या युक्तिवादात येतच नाही. कर्ज फेडणे, अमानत परत करणे, मालमत्तेच्या एक-तृतीयांशापर्यंत वसीयत करणे, कुणाचे मन दुखावले असल्यास माफी मागणे, ही मुस्लिम घरांत त्या व्यक्तीची स्वतःची जबाबदारी मानली जाते. कर्ज वारसांना फेडता येईल, पण माफी तिच्या वतीने दुसऱ्याने कशी मागावी?

निदानानंतर सहा वर्षांनीही खरी आजी हयात असल्याचे चित्रपट शेवटी सांगतो. प्रेक्षक सुखावतो आणि खोटे बोलणेच तिला लाभले, असे मानून मोकळा होतो. वस्तुतः तिच्या जगण्याचा त्या खोटेपणाशी संबंध असल्याचे चित्रपटात कोठेही सिद्ध होत नाही. वर्गात चर्चा घ्यावयाची असल्यास ती हा मजकूर पडद्यावर येण्यापूर्वीच घ्यावी.