गाठींची यक्षी

आज बोलायचंय ते एका शिल्पाबद्दल, पण सुरुवात घरापासून करू. नवरात्रात आपल्या घरी देवी बसते. त्याच घरातली मुलगी पाळी आली की ‘बाहेर बसते’. क्रियापद एकच! शक्तीची पूजा आणि शरीराचा विटाळ एकाच छपराखाली सुखानं नांदतात. म्हणून चित्र-शिल्पांच्या चर्चेत ‘स्त्रीशक्ती’ हा शब्द आला की मी आधी विचारते, या शक्तीला शरीर आहे का?

मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांचा जन्म मुंबईचा, शिक्षण बडोद्याचं. के. जी. सुब्रमण्यन त्यांचे गुरू. दगड, धातू या शिल्पकाराच्या मानाच्या वस्तू बाजूला ठेवून त्यांनी वाखाचे दोर घेतले, रंगवले आणि हातानं गाठी मारत माणसाहून उंच आकृती उभ्या केल्या. माग नाही, फक्त गाठी. एकेका शिल्पाला महिनोन्‌महिने लागत. १९८४ सालची ‘यक्षी’ त्यातलीच.

आता शेजारी पाटण्याची दीदारगंजची यक्षी ठेवून बघा. चकचकीत पाषाण, भरदार बांधा, हातात चवरी. अप्रतिमच आहे ती. पण चवरी कुणासाठी? ती कुणाच्या तरी सेवेत उभी आहे, आणि बघणाऱ्याची नजर तिच्या अंगावरून सहज घसरत जाते. मुखर्जींच्या यक्षीवर नजर घसरत नाही, गाठीगाठीला अडते. घड्या, पोकळ्या, लोंबणारे पदर. अवयव म्हणावा तर पाकळी वाटते, पाकळी म्हणावी तर त्वचा. नेहमीचा चेहरा नाही, त्यामुळे लाजणं नाही, हसणं नाही, आमंत्रण नाही.

कुणी म्हणेल, चेहरा नसलेली देवी आपल्याला नवी नाही. बरोबर. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त याच परंपरेचा शोध घेतला आहे. तिथे शिराच्या जागी कमळ असतं आणि सारा भर जननावर. इथे मात्र मला फरक दिसतो. लज्जागौरीची शक्ती प्रसवण्यात आहे. मुखर्जींची यक्षी काही प्रसवत नाही, ती नुसती आहे, स्वतःच्या वजनानं. ‘पुष्प’सारख्या त्यांच्या शिल्पांत तर स्त्री आणि पुरुष दोन्ही एकत्र आहेत, बहुतेक फुलांत असतात तसे. बाईची ताकद म्हणजे तिचं गर्भाशय, हे समीकरण इथे सुटतं. माझ्या मते त्यांचं मोठेपण इथे आहे.

एक तक्रार मात्र नोंदवते. ‘देवी’, ‘यक्षी’, ‘रुद्र’ ही नावं. हातांनी जे सोडवलं, ते नाव पुन्हा देव्हाऱ्यात नेऊन बसवतं. प्रेक्षक पाटी वाचतो, मनातल्या मनात हात जोडतो आणि पुढे जातो. बघायचं राहूनच जातं.

तेव्हा हे शिल्प कधी समोर आलं, तर पाटी शेवटी वाचा. आधी गाठी बघा. दोर कुठे ताणलाय, कुठे सैल सोडलाय, भार कुठे पेललाय. बाईचं शरीर म्हणजे आधी श्रम आणि वजन, मग बाकीचं, हे त्या गाठी सांगतात. ते शरीर घरात बसवायला आपण तयार आहोत का, एवढंच विचारते आणि थांबते. आता तुमचे प्रश्न घेऊ.