अस्सल बंदूक कोणती?

आसनगांव स्थानकावर उतरून माहुलीच्या वाटेस लागणारा प्रवासी गडाचे पडके दरवाजे पाहून हळहळतो. परंतु ते पाडून त्या जागीं नवे उभारावे, असें त्यास वाटत नाहीं. तोच प्रवासी जुन्या लष्करी बंदुकीपुढें उभा राहिला कीं त्याची दृष्टि पालटते. कुंदा मूळचा आहे काय, चाप त्याच कारखान्याचा आहे काय, असे प्रश्न तो विचारूं लागतो. अशा बंदुकांचे संग्राहक जगभर आहेत, आणि मूळ भागांचा शोध हें त्यांचें व्रतच होऊन बसलें आहे. या व्रताचें येथें थोडें परीक्षण करण्याचा आमचा विचार आहे. कारण त्याच्या मुळाशीं असलेला ‘अस्सल’ हा शब्द साहित्याच्या अभ्यासकांसही चुकलेला नाहीं.

ली-एन्फील्ड रायफलीचेंच उदाहरण घ्या. १९०७ सालीं ब्रिटिश सैन्यानें स्वीकारलेला तिचा नमुना कलकत्त्याजवळील इशापूरच्या कारखान्यांत अनेक वर्षें तयार होत होता. दोन्ही महायुद्धांत हिंदी शिपायानें ही रायफल खांद्यावर वाहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातीं.३०३ चीच रायफल होती. इतकीं वर्षें राबणारी वस्तु जशीच्या तशी कशी राहावी? बोल्ट व सांगाडा यांचें माप नेमकें जुळावें लागतें, म्हणून दोहोंवर एकच क्रमांक ठोकीत. बोल्ट बदलला म्हणजे शस्त्रागारांत जुना क्रमांक खोडून नवा ठोकीत. लाकूड फाटूं नये म्हणून येथील पुष्कळ रायफलींच्या कुंद्यांतून आडवा स्क्रू घातला गेला. चोखंदळ संग्राहकास हा स्क्रू डागासारखा दिसतो. तो इंग्लंडचें जुनें लाकूड मिळवितो आणि येथला कुंदा अडगळींत टाकतो.

त्याच्या बाजूनें एक सबळ मुद्दा मांडतां येईल. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ मध्यें हातीं घेतलेली व १९६६ मध्यें पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति हेंच करीत नव्हती काय? मागाहून शिरलेले श्लोक बाजूस काढून जुना पाठ शोधणें यासच आपण पांडित्य म्हणतों. मग बंदुकीचा पाठ शुद्ध करणाऱ्यास दोष कां द्यावा?

हा युक्तिवाद आम्हांस पटत नाहीं. सुकथनकर व त्यांचे सहकारी यांनीं गाळलेले श्लोक नष्ट केले नाहींत; ते तळटीपांत व परिशिष्टांत जपले. पोथ्याही जशाच्या तशा राहिल्या. ज्यास संपादकाचा निर्णय मान्य नसेल त्यास तो आजही तपासतां येतो. संग्राहक मात्र पोथीच खरवडतो. त्यानें काढलेला कुंदा, घासून टाकलेला क्रमांक परत येत नाहीं. शिवाय पोथींतील पाठ शोधतांना एका कर्त्याची अथवा एका परंपरेची वाणी शोधावयाची असते. रायफलीस असा कर्ता नाहीं. कारखान्यांतून बाहेर पडल्यावरच तिचें चरित्र सुरू होतें.

याच मुलखांतील एक गोष्ट पाहा. मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाच्या रानांत २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारांत पडले. त्या दिवशींची एकादी बंदूक उद्यां कोणा रसिकाच्या हातीं आली, तर तिच्यावरील शिक्के, दुरुस्तीच्या खुणा व खोडलेले क्रमांक हीच तिची साक्ष होय. ‘मूळ’ भाग बसवून ती साक्ष पुसली, तर उरेल तें कारखान्याच्या नमुनापत्रकाचें चित्र; सिद्धगड त्यांत नसेल.

भारतांत या हौसेस कायद्याचीही एक बाजू आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानें अग्निशस्त्राच्या व्याख्येंत त्याचे भागही धरले आहेत. तेव्हां सुट्या भागाचा व्यवहार हा निव्वळ जुन्या लोखंडाचा व्यवहार नव्हे. उलट, जी जुनाट बंदूक दुरुस्त करूनही चालूं शकत नाहीं, तिला त्याच अधिनियमानें मोकळीक दिली आहे. म्हणजे मोडकी बंदूक ही इतिहासाची, आणि भाग जुळवून चालती केलेली बंदूक ही पुन्हा शस्त्र होते. हा भेद कायद्यास कळतो. रसिकास कळूं नये याचें आश्चर्य वाटतें.

शहापूर-मुरबाडकडील एकाद्या शेतकऱ्याच्या घरीं रानडुकरांपासून भात राखण्यासाठीं परवान्याची ठासणीची बंदूक असेल; नळी आजोबांच्या वेळची, कुंदा गांवच्या सुतारानें सागाचा बसविलेला. तिला कोणी भेसळ म्हणेल. आम्ही तिला तीन पिढ्यांची टांचणवही म्हणूं. हरवलेल्या भागाच्या जागीं त्याच घाटणीचा भाग शोधण्यास आमची हरकत नाहीं. परंतु असलेला भाग काढूं नये, आणि काढावाच लागला तर तो चिठ्ठीसह जपावा, एवढा संपादकधर्म संग्राहकानें पाळावा. तो पाळणाऱ्याचा संग्रह पाहावयास आम्ही आनंदानें जाऊं. न पाळणाऱ्याच्या दालनांत चकाकणाऱ्या बंदुका असतील, पण त्यांजपाशीं सांगण्यासारखें कांहीं उरलें नसेल.