चोराच्या अवजाराचं पेटंट कुठे शोधायचं?

किल्लीशिवाय कुलूप उघडायच्या अवजारांचा इतिहास लिहायचाय? मग पेटंटं चाळा, असा सल्ला कुणीही देईल. तारीख आहे, नाव आहे, आकृती आहे. पेटंटांच्या वर्गीकरणात कुलुपांना ई०५बी असा वेगळा वर्गसुद्धा आहे. कीवर्ड टाका, निकाल मोजा, दशकवार आलेख काढा, झालं प्रकरण तयार! माझा आक्षेप नेमका या पद्धतीवर आहे. असा विषय घेणार असाल तर तो आधीच ऐकून ठेवा.

लंडनमधलं १८५१ साल घ्या. ग्रेट एक्झिबिशनच्या निमित्ताने आलेल्या अल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकन माणसाने चबचं प्रसिद्ध डिटेक्टर कुलूप साधारण २५ मिनिटांत उघडलं. मग तो ब्रामाच्या कुलपाकडे वळला. उघडणाऱ्याला २०० गिनी, असं आव्हान देत ते कुलूप कित्येक दशकं दुकानाच्या खिडकीत बसलं होतं. हॉब्जला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण ते उघडलं. ब्रामाचं पेटंट १७८४ चं, चबचं १८१८ चं. म्हणजे हरलेल्या कुलुपांची पेटंटं आहेत. जिंकलेली अवजारं मात्र आपल्याला कळतात ती त्या काळच्या वृत्तांतांतून.

असं का? पेटंट हा एक सौदा असतो: शोध जगाला सांगा, बदल्यात काही वर्षं मक्तेदारी घ्या. ज्याच्या अवजाराची किंमतच गुपितात आहे, तो हा सौदा कशाला करेल? शिवाय १८५२ च्या कायद्याआधी इंग्लंडमध्ये पेटंटचा खर्च १०० पौंडांच्या वर जायचा. पुढे २० व्या शतकात अमेरिकेत पिक-गनसारख्या अवजारांना पेटंटं मिळाली, कारण तोवर कुलूपवाले कारागीर आणि पोलीस असं उजळ माथ्याचं गिऱ्हाईक तयार झालं होतं. तेव्हा तुमचा आलेख तिथे वर चढला, तर तो कसब वाढल्याचा पुरावा समजू नका. बाजार वाढला, एवढंच तो सांगतो.

मग पेटंटं टाकून द्यायची का? अजिबात नाही, उलटी वाचायची. १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत खोट्या किल्ल्यांनी चोरी झाली. सरकारने सुरक्षित कुलपासाठी बक्षीस लावलं आणि त्यातून चबचं कुलूप आलं. कुणी आतली तरफ गरजेपेक्षा जास्त उचलली की ती अडकते आणि मालकाला छेडछाड झाल्याचं कळतं. आता विचार करा, ही रचना कशाचं उत्तर आहे? चोर तरफा चाचपून उचलत होते, याचंच. बचावाच्या वर्णनात हल्ला दडलेला असतो.

दुसरा आधार म्हणजे हॉब्जच्या माहितीवरून चार्ल्स टॉमलिन्सनने संपादित केलेलं कुलुपांच्या रचनेवरचं १८५३ चं पुस्तक. कुलपातल्या खोडी उघड बोलाव्यात, चोरांना त्या आधीच ठाऊक असतात, हा त्यातला युक्तिवाद आजही पटतो. पण हॉब्ज काही तटस्थ पंच नव्हता. तो न्यूयॉर्कच्या डे अँड न्यूवेल कंपनीचं कुलूप खपवायला आला होता आणि नंतर लंडनमध्येच त्याने स्वतःचा कुलुपांचा धंदा थाटला. दुसऱ्यांची कुलपं उघडून दाखवणं ही त्याची जाहिरातही होती. गंमत म्हणजे, न्यूवेलचं कुलूपही पुढे लायनस येल ज्युनियरने उघडलंच.

तेव्हा कोणताही डेटाबेस उघडताना, त्यात काय आहे याच्याआधी एक प्रश्न विचारा: यात स्वतःची नोंद करून घेण्यात कुणाचा फायदा होता आणि कुणाचा तोटा? हा प्रश्न सिनॉप्सिस लिहितानाच विचारलात तर बरं. व्हायव्हाच्या दिवशी तो परीक्षक विचारतील, तेव्हा आलेख वाचवायला येणार नाही.