प्राथमिक वर्गातील हंगामी पॉप कला : रूपाचा स्वीकार, प्रश्नाचा विसर

प्रस्तावना

अमेरिकेतील प्राथमिक शाळांचे कलाशिक्षण बऱ्याच अंशी सणांच्या दिनदर्शिकेशी बांधलेले आहे. ऑक्टोबरमध्ये हॅलोवीनचा भोपळा, डिसेंबरमध्ये नाताळ, फेब्रुवारीत व्हॅलेन्टाइन दिनाचे हृदय आणि वसंतात फुले, असा विषयांचा क्रम तेथे रूढ आहे. या क्रमाला पॉप कलेची जोड मिळाली आहे. कागदाचे चार समान चौकोन करावयाचे, प्रत्येकात एकच भोपळा काढावयाचा आणि चारही ठिकाणी निरनिराळे भडक रंग भरावयाचे, की अँडी वॉरहॉलच्या धर्तीचा भोपळा सिद्ध होतो. हृदयामागे ठिपके आणि भोवती जाड काळी रेषा आली, की ते रॉय लिक्टेन्स्टाइनच्या शैलीचे ठरते. या उपक्रमांतून मुलाला पॉप कलेतील काय लाभते आणि काय निसटते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उपक्रमांचे गुण

हे उपक्रम सर्वस्वी त्याज्य आहेत असे म्हणता येणार नाही. एकच आकार वेगवेगळ्या रंगांत पाहिल्याने विरोधी रंगांचा परिणाम मुलाला प्रत्यक्ष उमगतो. साहित्य स्वस्त असते, तास आटोपशीर राहतो आणि ज्याचा हात चित्रकलेत वळलेला नाही अशा मुलाचे कामही भिंतीवर शोभून दिसते. मोठ्या वर्गात अनेक मुलांना एकाच वेळी यशाचा अनुभव देणे ही शिक्षकाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. आक्षेप आहे तो या यशाला पॉप कलेचे नाव देण्याला.

पॉप कलेचा मूळ प्रश्न

१९६२ साली लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत वॉरहॉलने कॅम्पबेल सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली. प्रत्येक चित्र सूपच्या एकेका प्रकाराचे होते आणि ती सर्व दुकानातील मालाप्रमाणे फळीवर टेकवून ठेवली होती. या मांडणीत रंगांचा उत्सव नव्हता, उलट कंटाळा यावा इतका सारखेपणा होता. विकाऊ वस्तूची प्रतिमा आणि कलाकृती यांत भेद कोठे करावयाचा, हा प्रश्न त्या सारखेपणातून उभा राहिला. लिक्टेन्स्टाइनचे ठिपकेही सजावटीचे नव्हते. स्वस्त रंगीत छपाईतील यांत्रिक ठिपके त्याने मोठे करून दाखविले आणि चित्रकथेतील भावनाही छापखान्यातूनच आलेली आहे, हे प्रेक्षकाच्या लक्षात आणून दिले. चार चौकोनांच्या भोपळ्यात पुनरावृत्ती शिल्लक राहते. मात्र ती कशाची आणि कशासाठी, हे विचारले जात नाही.

प्रतिमेच्या मालकीचा प्रश्नही असाच सुटून जातो. वसंतातील उपक्रमाला आधार असलेली वॉरहॉलची १९६४ सालची फुले त्याने छायाचित्रणविषयक मासिकात छापलेल्या एका छायाचित्रावरून घेतली होती. छायाचित्रकार पॅट्रिशिया कॉलफील्ड यांनी त्यावरून १९६६ मध्ये दावा दाखल केला. शिक्षकाने दिलेल्या साच्यावरून फूल गिरविणारे मूलही दुसऱ्याचीच प्रतिमा वापरीत असते. 'हे फूल मूळचे कोणाचे?' हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलालाही समजण्याजोगा आहे.

शालेय शैलीची अडचण

१९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी रंग भरण्याच्या तयार चित्रांना विरोध केला होता. अशी चित्रे मुलाचा स्वतःच्या रेषेवरील विश्वास हिरावून घेतात, असे त्यांचे मत होते. पुढे १९७६ मध्ये आर्थर एफलंड यांनी 'शालेय कला शैली' ही संकल्पना मांडली. शाळेतील कला शाळेबाहेर कोठेही आढळत नाही. ती मोकळेपणाचा देखावा निर्माण करते आणि प्रत्यक्षात शाळेच्या चाकोरीची गरज भागविते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. हंगामी पॉप कला हे या शैलीचे ठळक उदाहरण म्हणता येईल. तिच्यात साचा पूर्वीचाच असतो, त्यावर केवळ एका मोठ्या कलावंताचे नाव चढते.

हातातील विषय

यातील विसंगती अशी की सणांच्या प्रतिमा हाच पॉप कलेचा खरा विषय आहे. एस्थर हाउलंड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मॅसेच्युसेट्समधील वूस्टर येथे व्हॅलेन्टाइन पत्रांचा व्यवसाय उभारला. तेथे स्त्रिया कामाची विभागणी करून पत्रे जुळवीत असत. वॉरहॉलचा स्टुडिओ 'फॅक्टरी' म्हणून ओळखला जाण्याच्या कितीतरी आधी हे हृदय कारखान्यात तयार होऊ लागले होते. हॅडन सुंडब्लूम यांनी १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी रंगविलेल्या सांताक्लॉजने नाताळबाबाचे आजचे परिचित रूप सर्वत्र रुजविले. रॉबर्ट इंडियाना यांची 'लव्ह' ही प्रसिद्ध रचना १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या नाताळपत्रावर झळकली आणि १९७३ मध्ये आठ सेंटच्या टपाल तिकिटावर आली. सण, बाजार आणि कला यांचे हे नाते वर्गाच्या भिंतीवर टांगलेले असते. मात्र त्याकडे बोट दाखविले जात नाही.

समारोप

यासाठी उपक्रम रद्द करण्याची आवश्यकता नाही. साच्याऐवजी मुलांनी मिठाईची वेष्टने आणि दुकानांची जाहिरातपत्रे आणावीत. शेतातील वेडावाकडा भोपळा आणि जाहिरातीतील गुळगुळीत भोपळा शेजारी ठेवून पाहावेत. एकाच ठशाने, शाई पुन्हा न लावता, दहा छाप घ्यावेत आणि पहिल्या व दहाव्या छापात काय बदलले ते सांगावे. एवढ्याने मूल सराईत चित्रकार होणार नाही. परंतु आपल्यासमोर सतत येणारे चित्र कोणी, कशासाठी आणि किती वेळा छापले, असे विचारण्याची सवय त्याला लागेल. पॉप कलेने प्रौढ प्रेक्षकाला हेच विचारावयास लावले होते. तो प्रश्न वगळून उरलेला भोपळा रंगीत असेल, पॉप कला नसेल.