शिष्ट श्रोता

गेल्या चैत्रातील एका संध्याकाळी वरणगावी आमच्या घरी कुमार गंधर्वांचे एक ध्वनिमुद्रण चालू असताना शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ ओट्यावर येऊन बसले. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, भजनी मंडळात पखवाजाची साथ करणारे हे गृहस्थ. त्यांनी दहा मिनिटे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "सर, तुमाले हे खरंच आवडते का?"

प्रश्नात कुत्सितपणा मुळीच नव्हता. परंतु तो विलक्षण नेमका होता. हे गाणे चांगले आहे का, असे त्यांनी विचारले नाही. आपल्याला ते कळत नाही, अशी कबुलीही दिली नाही. शंका गाण्याविषयी नव्हती, माझ्याविषयी होती. अवघड, नव्या वळणाचे, कानाला सहज न रुचणारे संगीत आवडते असे जो म्हणतो, तो खरे बोलतो की मिरवतो, हा प्रश्न वरचेवर विचारला जातो. आपण अभ्यासक मंडळी बहुधा त्याला उत्तर न देता तो विचारणाऱ्याची कीव करतो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

मिरवणाऱ्या रसिकाला मराठीत एक चपखल शब्द आहे : शिष्ट. 'फार शिष्ट आहे तो' असे आपण म्हणतो, तेव्हा तो सुसंस्कृत आहे असे आपणांस सुचवावयाचे नसते. या शब्दाचे मूळ स्थान मात्र फार उंचावर होते. पतंजलीने महाभाष्यात, पृषोदरादी शब्दांच्या चर्चेत, शिष्ट कोणास म्हणावे हे सांगितले आहे. आर्यावर्तात राहणारे, घडाभर धान्यावर भागवणारे, निर्लोभ, ज्यांच्या वर्तनामागे कोणताही हेतू दाखवता येत नाही आणि तरीही जे एखाद्या विद्येत पारंगत झालेले आहेत, असे ब्राह्मण ते शिष्ट; शब्दाची साधुता त्यांच्या तोंडून ठरावयाची. ही व्याख्या एका वर्णापुरती आहे, हे तिचे वैगुण्य उघड आहे, आणि कदाचित शब्दाच्या पुढील अधोगतीचे बीज तेथेच असावे. ते कसेही असो. तिच्यातील मर्माची गोष्ट हेतूच्या अभावाची आहे. पतंजलीचा शिष्ट हेतूवाचून विद्येकडे जातो. आज ज्याला आपण शिष्ट म्हणतो त्याच्या आवडीला हेतूचा वास येतो. माझ्या शेजाऱ्यांनी 'खरंच' या शब्दाने विचारले ते हेच.

आता 'आवडते' या क्रियापदाकडे वळू. 'मला गाणे आवडते' या वाक्यात गाणे हा कर्ता आहे आणि मी चतुर्थीत आहे. खानदेशात 'मला'चे 'मले' होते, पण चतुर्थी सुटत नाही. रुचणे या अर्थाच्या धातूंच्या योगात ज्याला प्रीती वाटते त्याला पाणिनीने संप्रदान ही संज्ञा दिली आहे, म्हणजे दान घेणाऱ्याची जी संज्ञा तीच. देवदत्ताला मोदक रुचतो, हे परंपरेतील उदाहरण. कळणे, उमजणे, भावणे, सुचणे ही सारी क्रियापदे आपल्या भाषेने याच रांगेत बसवली आहेत. मिरवणे, आव आणणे, सोंग करणे यांचे तसे नाही. तेथे 'मी' स्पष्टपणे कर्ता आहे. आवड ही माणसाकडे येते, ढोंग तो करतो. म्हणूनच 'हे गाणे ऐक' अशी आज्ञा करता येते, 'हे गाणे आवड' अशी करता येत नाही.

एवढ्यावर प्रश्न सुटता, तर बरे झाले असते. परंतु मराठीत 'गोडी लावून घेणे' असाही एक प्रयोग आहे, आणि तेथे कर्तृत्व पुन्हा माणसाकडे येते. गोडी लागते तशी ती लावूनही घेता येते. ही लावून घेतलेली गोडी खरी मानावयाची की खोटी? नव्या संगीताच्या श्रोत्यावरील आरोपाचे सारे बळ या मधल्या जागेत आहे. अभिनवगुप्ताने सहृदयाचे जे लक्षण केले आहे, त्यात काव्याच्या अनुशीलनाने आणि अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, अशी अट आहे. म्हणजे ज्याला आपण जन्मजात रसिकता समजतो तिच्यातही अभ्यासाचा वाटा त्याने गृहीत धरला होता. दान देणारा दुसरा असला, तरी ओंजळ पुढे घेणाऱ्यानेच करावयाची असते. ओंजळ रिकामी असताना ती भरल्याचे सांगणे, एवढेच ढोंग. ती पुढे करणे हे ढोंग नव्हे.

पण बाहेरून पाहणाऱ्याला या दोन गोष्टींतील भेद दिसत नाही, हे मला स्वानुभवाने ठाऊक आहे. पदव्युत्तर वर्गात असताना मी प्रथम एका मोठ्या शहरातील मैफलीला गेलो. पुढील रांगेतील मंडळींची मान हलली की माझी हले. अर्थात अर्ध्या मात्रेने उशिरा. समेवर दाद द्यावयाची हे वाचून माहीत होते, सम कोठे आहे हे माहीत नव्हते. त्या दिवशी मला कोणी 'खरंच आवडते का' असे विचारले असते, तर मी होकारार्थीच उत्तर दिले असते आणि ते खोटे ठरले असते. तथापि त्या खोट्या होकारावाचून मी दुसऱ्या मैफलीला गेलो नसतो, हेही तितकेच खरे आहे.

येथे भाषाशास्त्रातील एक निरीक्षण उपयोगी पडते. घरी लेवा बोली बोलणारा आमचा विद्यार्थी प्रमाण मराठी शिकू लागतो, तेव्हा 'पानी'चे 'पाणी' करता करता तो 'मन'चेही 'मण' करून बसतो. याला आपण अतिशुद्धी म्हणतो. विल्यम लेबॉव्ह यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्क शहराच्या अभ्यासात दाखवले आहे की, औपचारिक प्रसंगी कनिष्ठ मध्यमवर्गीय बोलणारे प्रतिष्ठित उच्चारांच्या बाबतीत वरच्या वर्गालाही मागे टाकतात. अर्ध्या मात्रेने उशिरा हलणारी माझी मान ही ऐकण्यातील अतिशुद्धीच होती. आणि हाच विद्यार्थी सुट्टीत गावी परतून 'मले'ऐवजी 'मला' म्हणाला की त्याचे मित्र म्हणतात, शिष्ट झाला. ज्याच्या घरात तीन पिढ्या तंबोरा वाजला, त्याचे शिकणे त्याला स्वतःला आठवण्यापूर्वीच उरकलेले असते. त्याच्या आवडीकडे कोणी संशयाने पाहत नाही. उशिरा शिकणाऱ्याचे शिकणे चारचौघांच्या देखत होते, म्हणून ते सोंगासारखे दिसते. ढोंगाचा आरोप सर्वांवर सारखा होत नाही. तो पहिल्या पिढीच्या श्रोत्यावर होतो, आणि तो ऐकून जो परत फिरतो तोही तोच. वरणगाव-भुसावळ भागातील माझे कित्येक विद्यार्थी 'हे आपले नव्हे' असे म्हणून दारातूनच मागे वळले आहेत. या विषयाचे मला अगत्य वाटते ते त्यांच्यामुळे.

कुमारांचेच उदाहरण घेऊ. १९२४ साली बेळगावजवळील सुळेभावी येथे जन्मलेला हा गायक बालपणी ध्वनिमुद्रिकांवरील थोर गवयांच्या गाण्याच्या हुबेहूब नकला करून प्रसिद्धीस आला. त्या वयात त्या गाण्यातील कितीसे त्याला कळत असेल? त्या अनुकरणावरच पुढे प्रा. बा. र. देवधरांकडील शिक्षण उभे राहिले. १९४८ च्या आरंभी क्षयाने ग्रस्त होऊन ते देवासला गेले. गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत माळव्यातील बायकांची गाणी त्यांच्या कानी पडली. त्या धुनांतून त्यांना रागाची उत्पत्ती दिसू लागली आणि त्यांनी आपले धुनउगम राग सिद्ध केले. 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह १९६५ साली प्रसिद्ध झाला. ख्यालाची ठरलेली बढत त्यांनी मोडली, घराण्याचे शिस्तबद्ध वळण सोडले, स्वर तुकड्यातुकड्यांनी फेकले, असे आक्षेप त्यांच्यावर घेतले गेले. आणि जे त्यांना मानत त्यांना नवलाईचे लोभी म्हटले गेले. 'प्रयोगशील' हा शब्द त्यांच्या बाबतीत गौरवासाठी वापरला गेला तसा हिणवण्यासाठीही. वास्तविक मराठीत नाटकाच्या प्रत्येक खेळाला प्रयोगच म्हणतात. पण संगीतात त्या शब्दाला उगाच प्रयोगशाळेचा दर्प येतो.

याच गायकाने बालगंधर्वांची नाट्यपदे गाण्याचा कार्यक्रम केला, तेव्हा त्याला 'मला उमजलेले बालगंधर्व' असे नाव दिले. हे शीर्षक मला फार मोलाचे वाटते. तेथे 'मी' नाही, 'मला' आहे. आणि क्रियापद आहे ते उमजण्याचे. बालगंधर्वांचा अर्थ लावून दाखवतो, असा दावा नाही. माझ्या ओंजळीत जे पडले ते हे, एवढेच म्हणणे आहे. ज्याला लोक शिष्ट म्हणत होते त्याची भाषा ही अशी होती.

खरा शिष्टपणा मला संगीतावरील लेखनात अधिक आढळतो. 'स्वरांचा अमूर्त अवकाश', 'मौनाचे नादरूप' असली पदे कोणत्याही गायकाला कोणत्याही रागात लावता येतात, आणि म्हणूनच ती काहीच सांगत नाहीत. खऱ्या श्रोत्याला 'मला कळत नाही, पण आवडते' असे म्हणता येते. 'कळते, पण आवडत नाही' असेही म्हणता येते. शिष्ट श्रोत्याला मात्र सर्व काही कळते आणि सर्व काही आवडते. नकार देण्याची शक्ती ज्याच्या आवडीत नाही, तिला मी आवड मानावयास तयार नाही. उदाहरणार्थ, १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त कुमारांनी रचलेला गांधीमल्हार मला अद्याप भावलेला नाही. तेथे कल्पना स्वरांच्या पुढे धावते, असे मला वाटते. याउलट त्यांची निर्गुणी भजने मी पहिल्याच श्रवणात स्वीकारली, आणि त्यासाठी मला कोणताही अभ्यास करावा लागला नाही.

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो रास्त आहे. कुमार गंधर्वांना पद्मविभूषण मिळून तीन दशकांहून अधिक काळ लोटला. १९९२ मध्ये ते निवर्तले. आज त्यांचे गाणे आवडते म्हणण्यात कसले आले धाडस? आवडत नाही म्हणण्यासच धैर्य लागावे! तेव्हा परीक्षा जेथे दाद आधीच ठरलेली नाही तेथे घ्यावयास हवी. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरचा एक स्टुडिओ उभारला गेला. तेथे गीता साराभाई आणि इतर काही भारतीयांनी केलेल्या विद्युत्-ध्वनींच्या रचना ध्वनिफितींवर अनेक दशके संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. त्यांतील निवडक रचना २०२३ साली प्रसिद्ध झाल्या. यांत बंदिश नाही, ताल बहुधा नाही, तंबोऱ्याची ओळखीची आसही नाही. त्या ऐकणारा मी वरणगावात, बहुधा, एकटाच असेन; म्हणजे मिरवावयाचे तरी कोणापुढे? (स्वतःपुढेही मिरवता येते, हे मी नाकारीत नाही.) पहिल्या दोन वेळा मला निखळ कंटाळा आला. तिसऱ्या वेळी एका रचनेतील दीर्घ, हळूहळू रंग बदलणारा नाद कानात राहिला आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये तो आपणहून आठवला. बाकीच्या बऱ्याच रचना मला अजूनही यंत्राची चाचणी वाटतात.

शेजारच्या काकांना मी त्या संध्याकाळी एवढेच म्हटले की, हो, पण सगळे नाही. हे उत्तर त्यांना पटले असावे, कारण ते उठून गेले नाहीत. मी त्यांना माळव्यातील मूळ लोकधुनांचे कुमारांनी गायिलेले एक ध्वनिमुद्रण लावून दिले. अखाजीला झोक्यावर बायका म्हणतात त्या गाण्यांसारखे हे आहे, असे ते म्हणाले, आणि बोटांनी ओट्यावर ठेका धरला. नंतर मी पुन्हा आधीचा राग लावला. आता त्यांनी ठेका सोडून दिला, थोडा वेळ ऐकले, आणि म्हणाले की हे पहिल्यापेक्षा बरे वाटते, पण मधला तुकडा ते उगाच लांबवतात. मधला तुकडा म्हणजे कोणता, यावर आमचा वाद रात्री जेवणाची वेळ होईपर्यंत चालला. त्यांचे म्हणणे बरोबर असावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.